लेस्टरहून आलेली शनिवार दुपार

इथल्या मराठी मंडळाच्या वार्षिक अंकाच्या संपादकांचा फोन आला. "सुमनताई, तुमच्या आजारपणावर लिहा ना. जरा प्रेरणादायी होऊ द्या." मी म्हटलं, प्रेरणा माझ्याकडे नाही, बारा कॅसेट्स आहेत. ते म्हणाले, "चालेल. पण शेवट चांगला करा."

मी हे लिहिते आहे, त्यावरून शेवटाचा अंदाज तुम्हाला आलाच असेल. ज्यांना नुकतंच कळलं आहे आणि ज्यांना अजून कसलाच अंदाज येत नाही, त्यांच्यासाठी हे आहे. बाकीच्यांनी पुढच्या पानावरची पाककृती वाचली तरी चालेल.

लेव्हल तीन

१९८३ च्या सप्टेंबरात मानेच्या डाव्या बाजूला सुपारीएवढी गाठ हाताला लागली. दुखत नव्हती. मी न्यू जर्सीत, एडिसनजवळच्या एका सार्वजनिक वाचनालयात पुस्तकांचं वर्गीकरण करते. दिवसभर मान खाली असते, त्यामुळेच आली असेल, असं ठरवून मी मोकळी झाले. वस्तू पटकन कुठल्या तरी वर्गात घालून टाकायची माझी सवयच आहे. ही चुकीच्या कपाटात गेली.

डॉक्टर फेल्डमन हा उंच, आनंदी माणूस. त्यांना जगातली प्रत्येक गोष्ट 'टेरिफिक' वाटायची. माझा रक्तदाब टेरिफिक, माझं वजन टेरिफिक, माझं इंग्रजीही टेरिफिक. गाठीच्या तुकड्याचा रिपोर्ट घेऊन आत आले तेव्हाही "हाय सुमन, टेरिफिक स्वेटर" म्हणाले, मग खुर्ची ओढून बसले आणि लिम्फोमा, म्हणजे एक प्रकारचा कॅन्सर आहे असं सांगितलं. सहा महिने औषधं, दर दोन आठवड्यांनी शिरेतून. मग स्कॅन. स्कॅनमध्ये काही दिसलं नाही तर उत्तम.

"आणि दिसलं तर?" मी विचारलं.

"देन वी विल टॉक."

अविनाश, माझा नवरा, इंजिनिअर आहे. तो शेजारी बसून वहीत लिहून घेत होता. नंतर मी पान पाहिलं. तारीख होती, डॉक्टरांचं नाव होतं, आणि खाली 'पार्किंग – लेव्हल तीन'. बाकी पान कोरं होतं.

गाडीत बसल्यावर तो म्हणाला, "ग्रोसरी करायची होती ना आज?" मग आम्ही दुकानात गेलो आणि भेंडी घेतली. एकेक भेंडी टोक मोडून पाहून निवडली. इतकी कोवळी भेंडी आम्ही त्याआधी कधी आणली नव्हती आणि त्यानंतरही नाही.

काय पाठवू

माझा थोरला भाऊ इंग्लंडमध्ये, लेस्टरला असतो. बस डेपोत फिटर आहे. मी त्याला दादा म्हणते आणि तो मला सुमे म्हणतो. लग्नाआधी लायब्ररीचा कोर्स करायला मी चार वर्षं दादा-वहिनीच्या घरी राहिले होते. त्या घरात आठवड्यातून एकदाच सक्तीचा कार्यक्रम असे: शनिवारी दुपारी टीव्हीवरचे खेळ. जेवण झालं की दादा पडदे अर्धे ओढायचा आणि मग पाच वाजेपर्यंत उठायचं नाही. आधी घोड्यांच्या शर्यती. चार वाजता कुस्ती, तीही अशी की वाघाच्या कातड्याची चड्डी घातलेला अगडबंब माणूस दुसऱ्या अगडबंब माणसावर पोटाने पडतो, आणि पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या उठून त्याला पर्सने बडवतात. आणि पावणेपाचला फुटबॉलचे निकाल.

निकाल म्हणजे नुसती यादी. यजमान संघ, आकडा. पाहुणा संघ, आकडा. एक माणूस संथ आवाजात देशभरातले सगळे सामने वाचून काढायचा, स्कॉटलंडच्या शेवटच्या डिव्हिजनपर्यंत. गंमत त्याच्या सुरात होती. पाहुण्या संघाचं नाव उच्चारतानाच कळायचं. सूर वर गेला तर पाहुणे जिंकले, खाली पडला तर हरले, सपाट राहिला तर बरोबरी. आम्ही दोघं टीव्हीकडे पाठ करून बसायचो आणि आकडा येण्याआधी सांगायचो. मी दहातले सात बरोबर सांगायचे. दादा कधीच चुकला नाही. वहिनी म्हणायची, "इतकं लक्ष माझ्या बोलण्याकडे दिलं असतं तर."

फोनवर मी दादाला आजार सांगितला तेव्हा त्याने आधी आमच्याकडे किती वाजले ते विचारलं. माझा भाऊ इंजिनाच्या आवाजावरून बसचं दुखणं ओळखतो, पण माणसाला काय विचारायचं असतं हे त्याला कोणी शिकवलेलं नाही. शेवटी म्हणाला, "सुमे, काय पाठवू?"

मी चेष्टेत म्हटलं, "शनिवारची दुपार पाठव."

उंदरांची कुस्ती

दादाने चेष्टा मनावर घेतली. भाड्याने व्हिडिओ रेकॉर्डर आणला, तीन तासांची कॅसेट भरली, लोकरीच्या मोज्यात गुंडाळली आणि विमानाने पाठवली. आम्ही तिघं, मी, अविनाश आणि अकरा वर्षांची नेहा, सोफ्यावर ओळीने बसलो. अविनाशने बटण दाबलं.

पडद्यावर तिरके पट्टे धावू लागले. मधूनच एखादा घोडा तीन तुकड्यांत जाऊन नाहीसा व्हायचा. आवाज असा की दोन उंदीर भांडताहेत आणि तिसरा त्यांचं वर्णन करतो आहे.

अविनाश उठून उभा राहिला. "सिस्टिम वेगळी आहे. तिकडचा टीव्ही वेगळा, इकडचा वेगळा. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. आय ॲम ॲन इंजिनिअर, यार."

"कॅन वुई वॉच समथिंग एल्स?" नेहा म्हणाली.

दादाला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे तुमच्याकडे टीव्हीसुद्धा वेगळा?"

"हो, दादा."

"मग अमेरिकेत राहता कशाला?" तो म्हणाला आणि फोन ठेवला.

तीन आठवड्यांनी पाकीट आलं. त्यात साधी गाण्याची असते तशी कॅसेट. दादाने टीव्हीसमोर स्टुलावर टेपरेकॉर्डर ठेवून शनिवारची दुपार नुसती आवाजात भरली होती.

सांग

पहिल्या बाजूला कुस्ती. चित्र नसलेली कुस्ती म्हणजे धप्प असा आवाज, मग म्हाताऱ्यांचा गलका, मग दादा: "पडला. नाही, उठला. नाटकी आहे मेला." मधे वहिनीचा चहा, कपबशा, दारावर कोणीतरी. दुसऱ्या बाजूला निकाल.

निकालात दादाने स्वतःची एक पद्धत काढली होती. मला अंदाज करायला वेळ मिळावा म्हणून पाहुण्या संघाचं नाव आलं की तो टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करायचा. शांतता. मग त्याचा आवाज: "सांग."

चार-पाच सेकंद. बाहेरून गाडी गेल्याचा आवाज. मग पडद्यावर पाहिलेला आकडा तो स्वतः सांगायचा:

"एक. हरले."

मग तो टीव्हीचा आवाज परत वाढवायचा. पण टीव्हीवरचा माणूस माझ्यासाठी थांबलेला नसायचा. तोवर तो दोन-तीन सामने पुढे गेलेला असायचा. असे करत करत दर शनिवारी निम्म्याहून जास्त इंग्लंड दादाच्या बोटाखाली नाहीसं होई. त्याला मी हे कळवलं. त्याचं उत्तर पुढच्या कॅसेटवर आलं, कुस्तीच्या मधेच: "सुमे, सगळे निकाल कशाला हवेत तुला? तू काय त्यांची सेक्रेटरी आहेस?"

आजाराबद्दल त्या कॅसेट्सवर एक शब्द नाही.

पॅट

औषध द्यायच्या खोलीत आठ मोठ्या खुर्च्या होत्या आणि भिंतीवर उंचावर एक टीव्ही. त्यावर दिवसभर बक्षिसांचे कार्यक्रम चालायचे. कोणाला तरी वॉशिंग मशिन मिळायचं आणि तो रडायचा. बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये देणगीदारांच्या पितळी पाट्या होत्या. कोणत्या खिडकीसाठी कोणी पैसे दिले हे मला अजून पाठ आहे. शौचालयाला देणगीदार मिळालेला नव्हता, आणि तिथेच माझा सगळ्यात जास्त वेळ गेला.

पॅट नावाची नर्स शीर सापडावी म्हणून माझा हात आधी गरम टॉवेलात गुंडाळायची आणि तेवढा वेळ नुसती शेजारी बसायची. बोलायची नाही. सगळ्या इस्पितळात एवढी एकच गोष्ट कुठल्याही फलकाशिवाय चालू होती. एकदा मी दादाची कॅसेट ऐकत असताना तिने माझ्या हेडफोनचा एक कान स्वतःच्या कानाला लावला.

"व्हॉट इज धिस?"

"रेसलिंग. इंग्लंडचं."

"अँड हू इज द गाय यलिंग?"

"माझा भाऊ."

"इज ही इन द मॅच?"

मी म्हटलं, हो, तसंच समजायचं.

इथे आजारी माणसाला सगळे जण 'फायटर' म्हणतात. स्वयंसेवक बाई म्हणाल्या, विम्याच्या ऑफिसातली मुलगी फोनवर म्हणाली. मंडळाचे अध्यक्ष चार पदाधिकाऱ्यांसह घरी आले आणि आमच्या गालिच्यावर उभे राहून सुमनताई ही लढाई जिंकणारच या विषयावर बोलले. भाषण संपल्यावर अविनाशने सवयीने टाळ्या वाजवल्या. मी काही लढत नव्हते. मी खुर्चीत बसायचे, औषध माझ्यात जायचं आणि पुढचे तीन दिवस मी बादलीशी बोलायचे. लेस्टरला असताना दादा कुस्तीबद्दल म्हणाला होता, "निकाल ठरलेला असतो गं. पण पडणं खरं असतं." माझा निकाल ठरला होता की नाही ते मला माहीत नव्हतं. पडण्याबद्दल दादा बरोबर होता.

ज्यांचे उपचार अजून व्हायचे आहेत त्यांना एवढंच सांगते: बर्फाचे तुकडे चघळा, आवडीचा पदार्थ त्या दिवसांत खाऊ नका, कारण तो कायमचा मनातून उतरतो. मी साबुदाण्याची खिचडी अशी घालवून बसले आहे.

गॅरेज

फोडणीचा वास मला सहन होईना. डिसेंबरमध्ये एका संध्याकाळी मी पाणी प्यायला खाली आले तर घरात कोणी नाही. गॅरेजचं दार उघडलं. अविनाश आणि नेहा कोट घालून गाडीपाशी उभे होते. बॉनेटवर दोन ताटल्या, कोपऱ्यात अविनाशने आणलेली इलेक्ट्रिक शेगडी. ते पिठलं-भात खात होते आणि कशावर तरी हसत होते.

मी त्यांच्यावर ओरडले. काय ओरडले ते आता आठवत नाही. बहुतेक ते हसत होते यावरच. नेहाने ताटली ठेवली आणि ती माझ्या अंगाला न लागता बाजूने निघून गेली. अविनाश म्हणाला, "तुला त्रास होऊ नये म्हणून तर..." पिठल्यावर साय धरू लागली होती. आम्ही दोघं ती बघत उभे राहिलो.

त्यानंतर आठवडाभर नेहा माझ्याशी फक्त "ओके" एवढंच बोलली. मग एका दुपारी मी सोफ्यावर पडून दुसरी बाजू ऐकत होते, हेडफोन न लावता. ती दारात उभी राहिली.

"डज मामा नो हाऊ टु यूज अ टेपरेकॉर्डर?"

"येतं त्याला. तू ऐक." मी तिला सूर कसा ओळखायचा ते सांगितलं.

"दॅट्स सो वीअर्ड," असं म्हणून ती खाली गालिच्यावर बसली. पाहुण्यांचं नाव आलं. आवाज बंद. दादा म्हणाला, "सांग."

"दे लॉस्ट," नेहा म्हणाली.

"शून्य. हरले," दादा म्हणाला.

फेब्रुवारीपर्यंत ती माझ्यापेक्षा चांगली झाली. एकदा कॅसेट संपल्यावर तिने गालिच्याचा धागा ओढत विचारलं, "आई, डॉक्टर फेल्डमन फोन करतील तेव्हा तुला व्हॉइसवरून कळेल?"

"त्यांना सगळंच टेरिफिक असतं. त्यांचा सूर एकच आहे."

"पण इफ इट्स बॅड?"

मी म्हटलं, माहीत नाही. तिला खोटं सांगायची वेळ निघून गेली होती.

पाहुणा कोण

मार्चमध्ये गुरुवारी स्कॅन झाला. डॉक्टर म्हणाले, शनिवारी सकाळी मी फोन करीन. शनिवारी सकाळी अविनाशने दोनदा व्हॅक्यूम केलं आणि तिसऱ्यांदा करायला लागला तेव्हा मी प्लग काढला. नेहा जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून होती. मी स्वयंपाकघरात भिंतीवरच्या फोनखाली खुर्ची टाकून बसले. स्वयंपाकघरातल्या घड्याळात साडेअकरा वाजले. माझ्या डोक्यात लेस्टरचे साडेचार.

फोन वाजला तेव्हा बारा वाजायला वीस मिनिटं होती.

"सुमन," डॉक्टर म्हणाले.

टेरिफिक नाही, हाय नाही. नाव, आणि तेही खाली पडलेलं. सहा महिन्यांत त्यांचा सूर पहिल्यांदाच पडला होता. मी दुसऱ्या हाताने ओट्याची कड धरली. दे लॉस्ट, असं मनात म्हणाले.

"देअर इज नथिंग देअर," ते हळूच म्हणाले. "आय लुक्ड ट्वाइस. इट्स गॉन."

मी त्यांना परत सांगायला लावलं. त्यांनी परत सांगितलं, तितक्याच हळू. पाच वर्षं तपासण्या करत राहावं लागेल, हेही सांगितलं. खरोखर चांगली बातमी असली की या माणसाला विशेषण लागत नाही, हे मला तेव्हा कळलं. सूर पडला हे मी बरोबर ओळखलं होतं. फक्त पाहुणा कोण होता, ते विसरले होते.

नेहा जिन्यावरून माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. मी मान हलवली. अविनाश खुर्चीत बसला, हातात प्लग घेऊन.

दादाच्या घरी एक नियम होता: शनिवारी पाच वाजायच्या आत कोणीही फोन करायचा नाही. मी तो कधीच मोडला नव्हता. तो मोडला. वहिनीने फोन उचलला आणि माझा आवाज ऐकताच नुसतं "अहो" म्हणाली. दादा लगेच आला. फोन त्यांच्या पॅसेजमध्ये आहे, बैठकीच्या दाराबाहेर. मागून निकाल वाचणाऱ्याचा आवाज येत होता.

"बोल," दादा म्हणाला.

मला रडायचं नव्हतं. म्हणून मी निकाल वाचणाऱ्यासारखा सूर लावला. "दादा, ऐक. न्यू जर्सी, एक. लिम्फोमा..." आणि नाव खाली पाडून थांबले. "सांग."

मी वाट पाहिली. त्याला कळणारच होतं. तो कधीच चुकला नव्हता.

"सुमे," तो म्हणाला, "खेळ नको. आकडा सांग."

"शून्य," मी म्हणाले.

तिकडे रिसीव्हर लाकडावर ठेवल्याचा आवाज झाला. मग पावलं, मागचं दार. थोड्या वेळाने वहिनी फोनवर आली. "सुमन? हे तसेच बागेत गेलेत, चपलाही न घालता. काय झालं? कोण हरलं?"

बारावी कॅसेट

ती दहा दिवसांनी आली. सोबत चिठ्ठी नव्हती, कधीच नसायची. नेहा आणि मी दुसरी बाजू लावली. मला वाटलं होतं की माझ्या फोनमुळे तुटलेली ती दुपार दादाने पुसून नवी भरली असेल, पण तो तसल्या भानगडीत पडत नाही.

सुरुवातीला नेहमीसारखंच. पहिला सामना, पाहुण्यांचं नाव, आवाज बंद. "सांग." "दोन. बरोबरी." आवाज परत वाढतो. मग लांबून फोनची घंटा. दादा म्हणतो, "कोण आहे या वेळेला?" वहिनी उठते. तिचं "अहो". मग खुर्ची सरकते आणि दादा जातो. त्याचं बोलणं दाराआडून येतं, शब्द लागत नाहीत.

टीव्हीचा आवाज मात्र तसाच. निकाल वाचणारा वाचत राहतो. यजमान, आकडा. पाहुणे, आकडा. कोणी बटण फिरवायला नाही. पहिली डिव्हिजन, दुसरी, तिसरी, चौथी, मग स्कॉटलंड. अर्ध्या वर्षात पहिल्यांदाच एका शनिवारचे निकाल माझ्यापर्यंत पूर्ण पोचले.

नेहा सवयीने प्रत्येक नावाला तोंड उघडत होती, पण आकडा तिच्या आधीच येत होता. "ही इज टू फास्ट," ती म्हणाली.

शेवटचा सामना झाला. सूत्रधाराने निरोप घेतला, संगीत वाजलं, जाहिराती लागल्या. मग मागचं दार. ओल्या पावलांचा फरशीवर चपचप आवाज. दादाने नाक शिंकरलं. पावलं जवळ येत गेली आणि अगदी माइकशी थांबली.

"अगं," तो आत वहिनीला म्हणाला, "हे चालूच आहे की अजून."

आणि कॅसेट बंद झाली.